टेपच्या शेवटची भरती

६ एप्रिल १९९४
एका ट्रकवाल्यानं आज कॅसेट काउंटरवर आदळली! "अबे योगेंद्र, हे काय भरून देल्लं? इंजिन बिघडलं समजून मी गाडी साइडले लावली ना!"

गिऱ्हाइकाची गाणी संपली की टेप थोडी उरते. तिथं दुकानदार मनानं काहीतरी भरतो — भरती. बाकीचे आरती नाहीतर कव्वाली भरतात. मी एक वेगळाच तुकडा भरतो. सेवाग्रामहून आलेला एक गोरा हैदराबादच्या गाडीसाठी इथं जामच्या फाट्यावर थांबला होता. त्याची अडकलेली टेप सोडवून दिली, तर एक कॅसेट देऊन गेला. वर फक्त 'डेट्रॉइट' लिहिलेलं. मागच्या बाजूला सगळ्यात शेवटी हा तुकडा, बिननावाचा. तिकडं अमेरिकेतही तो कोणी ऐकत नाही म्हणे. शब्द नाहीत, गाणारा नाही. नुसतं मशीन — ठक् ठक् ठक् — आणि मधेच एक सूर असा वर येतो की छातीत कळ!

माझे बाबूजी म्हणतात, "चक्की टाकली का बे दुकानात?"

९ एप्रिल
कॉलेजातल्या वर्षालीचं लग्न जमलं. पोरगा अल्लीपूरचा, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तिचे बाबा रूपरावकाका स्वतः पेढे घेऊन आले. मी खाल्ला. खाल्ला!!

१० एप्रिल
काही नाही.

१३ एप्रिल
नागपूरची गाडी, हैदराबादची, चंद्रपूरची. जामला सगळं थांबतं नि निघून जातं. मी गल्ल्यामागे. मागं कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये वर्षालीबद्दल वाईट बोलणाऱ्याचं थोबाड फोडलं, माफी मागितली नाही, कॉलेज सुटलं. अन् ती काय म्हणाली? "मी म्हणलतं का तुले मारायले?"

१९ एप्रिल
ती आली! आईसोबत, हळदीसाठी कॅसेट भरायला. तिची आई विमलाकाकू शेजारच्या दुकानात बांगड्या पाहायला गेल्या तेवढ्यात बोललो — "शेवटी एक तुकडा भरून राह्यलो, तुह्यासाठी. ते ऐकलं की निरोप धाडजो. मी बाबूजीची राजदूत फटफटी घेऊन येतो."

"काऊन छळून राह्यला रे?"

पण नाही म्हणाली नाही!

२ मे
हळद. मांडवाबाहेर सायकल धरून उभा होतो. भोंग्यावर गाणी संपली अन् — ठक् ठक् ठक्! बायका ओरडल्या, "भोंगा जळला वो!" कोणीतरी वायरच उपटली. तो सूर यायच्या आधीच!

३ मे
निरोप नाही. लग्न लागलं. गेलो नाही.

११ मे
दुकानात एक माणूस. मनगटाला लग्नाचं कंकण, केसांत कापसाचा तूस. ओळखला — अल्लीपूरचा. मुठी आवळल्या.

"भाऊ, हळदीच्या या कॅसेटीत शेवटी आमच्या जिनिंगवानी काही वाजते. पण मधात एक सूर येते ना…" त्यानं कॅसेट हळूच काउंटरवर ठेवली. "पुरी बाजू तेच भरून दे. घरात इचारलं, तर वर्षाली म्हणे जामच्या दुकानात जा, तो देईन."

हाच तिचा निरोप — नवऱ्याच्या हातून!

उद्या ये म्हटलं.

१२ मे
आला. मारणार होतो. टेप लावली, त्यानं स्टूल ओढलं, डोळे मिटले. सूर वर आला तेव्हा त्यानं छातीवर हात ठेवला — मला कळ येते तिथंच. या अख्ख्या जिल्ह्यात ते ऐकणारा एकच माणूस भेटला मले — अन् तोही हाच!