तळेगावची पडकई

६ जुलै, रविवार
धम्मदीपनं, माझ्या नातवानं, फोनमदी सोय करून दिली. आपण बोलायचं, फोन लिवून घेतो. तारीखबी तोच घालतो. मला वाचता येत न्हाई, म्हंजे हे मीसुद्धा वाचणार न्हाई. याच्याइतकी सेफ जागा अख्ख्या मावळात न्हाई.
आज आवणी, भाताची रोपं लावायची. औंदा धम्मा एकटाच आला. चार वर्सं गंधार संगट यायचा. लोणावळ्यात दोघं एका खोलीत ऱ्हातात, जगाला रूममेट म्हणून सांगत्यात. मी इचारलं, गंधार कुटं? तर चिखलात उभा राहून म्हणाला, आजे, आमचं तुटायला आलंय. तो आईकडं तळेगावला गेलाय, नाशिकची नोकरी धरतोय. मग रोपांकडं बघत म्हणाला, आजे, आमी नुसते रूममेट न्हाई.
मी म्हणलं, बाबा, मी अडाणी हाय, आंधळी न्हाई. गेल्या साली तुझ्या टाचंतला काटा त्यानं ज्या मायेनं काढला, तसा तुझ्या आज्यानं माझा जन्मात काढला न्हाई.
ठराव: हे पोटात ठेवायचं. माझं पोट म्हंजे रांजण.

७ जुलै
चिमाबाईला सांगितलं.
पर तिला सांगणं म्हंजे सांगणं न्हाई. लगीन होऊन आल्यापास्नं आमी एका ओळीत रोपं लावतोय. बांधावर बसून, आवाज बारीक करून सगळं सांगितलं. ती मिसरी घासत म्हणाली, मग भांडण कशापायी? मी म्हणलं, अगं चिमे, आदी दचक तरी! तर म्हणे, दचकायचं काय, आळीत सगळ्यांना ठावं हाय. भांडण तेवढं नवं.
वाईट वाटलं. एवढं गुपित, अन् शिळं निघालं.

८ जुलै
धम्माला फोन करून मूळ काढलं, गंधारच्या घरचा पत्ताबी. गंधारनं आपल्या आईला कवाच सांगितलंय. आई म्हणाली, मग त्याला घरी आण, मला बघू दे. धम्मा गेलाच न्हाई. गंधार म्हणतो, मी तुमच्या चिखलात चार सालं वाकलो, तुला माझा जिना चढवंना?
चिमी म्हणाली, म्हंजे पडकई ऱ्हायली की. बरोबर. आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. जो फेडत न्हाई, तो पुढल्या साली एकटाच वाकतो.
पोराला झाप झाप झापलं. भित्रा कुठला. आज्यावर गेलाय.
ठराव: घरातलं मोठं माणूस म्हणून मीच जाणार. दारात उभी राहून सांगणार, मी धम्मदीपची आजी, तुमचा गंधार आमच्या घरचा हाय. मला कुणाचं भ्या?

१० जुलै
निघणार होते. गुडघा.

११ जुलै
जीप भरून गेली. चिमी म्हणते जागा होती. तिला लांबचं दिसत न्हाई.

१३ जुलै, रविवार, सकाळ
निघाले. नवं लुगडं. आपल्या शेतातली इंद्रायणी पिशवीभर घेतली. रिकाम्या हातानं कोण सोयरिकीला जातं? वाक्य पाठ हाय. धम्माला सांगितलं न्हाई, सरप्राइज. दुपारपत्तोर मॅटर क्लोज.

१३ जुलै, सांज
दमले.
टाकव्यापास्नं जीप, कान्हे टेसनावर लोकल, वाटभर वाक्य घोकलं. बेल दाबली. गंधारची आई, प्रमोदिनीबाई, दारात आली. चांगली बाई. म्हणाली, या आजी, दम लागलाय तुम्हाला, बसा, पाणी आणते. कोण हवंय?
मी तोंड उघडलं अन् म्हणलं, तांदूळ पायजे का? इंद्रायणी हाय.
कुटनं आलं काय म्हाईत.
तिनं मूठभर घेऊन वास घेतला, भाव इचारला. मी सांगितला. तिनं पाडला. मी ताणला. तेवढ्यात गंधार आतनं आला अन् जागीच थांबला. आई म्हणाली, बघ रे, आजी एवढ्या लांबून ओझं घेऊन आल्यात. तो माझ्याकडं बघत उभा. मी काय बोलते का, म्हणून.
मी पैसे कनवटीला लावले.
मग म्हणाला, हो, लांबून आल्यात. पिशवी उचलून आत गेला.

१४ जुलै
धम्माला सगळं सांगितलं. वाटलं, भडकंल. पर न्हाई. मग म्हणाला, आजे, मी गेलोच न्हाई म्हणलो ना, ते खोटं. दोनदा गेलतो. एकदा पार्सलवाला झालो. एकदा शेजारच्यांचा पत्ता इचारला.
मी म्हणलं, आज्यावर गेलायस. तो म्हणाला, न्हाई, आजे.

२० जुलै, रविवार
प्रमोदिनीबाईचा फोन. माझा नंबर तिनं त्या दिवशी घेतलता. भात लय मऊ होतो म्हणे, आणखी आणा. गंधारला नाशिकला बांधून द्यायचाय, गुरुवारी निघतोय.
बरं म्हणलं.
धम्मा म्हणतो, ओझं मी घेतो. जिन्यापत्तोर.
ठराव: या खेपेला भाव कमी करायचा न्हाई.