ओरडायचं नाही

४ जाने., रविवार
माफी. दिवाळीनंतर वही उघडलीच नाही. वाचणारा कुणी नाही, तरी अपराधी वाटतं. टाळत होतो. लिहिलं असतं तर शांताचं दुखणं खरं मानावं लागलं असतं.
शां.चं अंग दुखतं. आधी मान, मग खांदे, आता सगळंच. सकाळी उठते ती शेतात राबून आल्यासारखी. दूध गॅसवर ठेवते आणि विसरते. आज चपात्या लाटता लाटता लाटणं बाजूला ठेवून नुसती उभी राहिली. मी म्हणालो, "वय झालं. माझं नाही दुखत?" बायकोशी असं बोलतात का.
चूक माझीच. पूर्वी दर रविवारी तेल लावून तिचं अंग दाबून द्यायचो. माझे गुडघे धरले तेव्हापासून सोडलं. त्यानेच नसा आखडल्या असणार. आजपासून रोज.

८ जाने., गुरुवार
रोज दाबतो. तिळाचं तेल कोमट करून. तरुणपणी गरडीच्या तालमीत, तांबड्या मातीत कुस्ती खेळायचो, तिथल्या उस्तादांनी शिकवलेली पद्धत. अंगठा गाठीवर ठेवायचा, सगळा भार द्यायचा, गाठ विरघळेपर्यंत सोडायचं नाही. मोहल्ल्यातले लोक अजून खांदा, मान घेऊन माझ्याकडे येतात. आणि घरचं माणूस असं...
नियम एकच. दाबून घेणाऱ्याने ओरडायचं नाही. ओरडलं की अंग आवळतं, मग सगळं फुकट. लग्न झाल्यावर शां.ला सांगितलं होतं. ती कधीच ओरडली नाही.
आज मात्र म्हणाली, "साकु हो, आज पुरे."
म्हटलं, थोडंच राहिलंय.

१२ जाने., सोमवार
रिपोर्ट आले. रक्त, थायरॉइड, एक्सरे, सगळं ठीक. हाडांचे डॉ. म्हणाले, "एनू इल्ला, काही झालेलं नाही. कॅल्शियम घ्या." मी इतका खूश की वाटेत म्हैसूरपाक घेतला. रिक्षात शां. रडायला लागली. "काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं."
रागावलो. म्हटलं, देवाचे आभार मान.
घरी तिने म्हैसूरपाकाला हात लावला नाही. मी खाल्ला. लिहायला लाज वाटते.

१५ जाने., संक्रांत
दरवर्षी शां. गूळ-खोबरं बारीक कापून, तीळ घालून एळ्ळु-बेल्ल करते. सगळ्या गल्लीत वाटते. यंदा सुरी धरवेना. दुकानातली पाकिटं आणली. शेजारच्या पद्माबाई म्हणाल्या, "काय रावरे, यंदा मिसेसनी रजा टाकली?" मी हसून म्हटलं, "आळस चढलाय." शां. आतच होती. ऐकलं असणार.
दुपारी रेखा, आमची मुलगी, बोगादीहून आली. आईला मिठी मारली तर आई कळवळली. नुसत्या मिठीने. रे.ने बाही वर केली. दंडावर काळेनिळे डाग.
"अप्पा, हे काय?"
"दाबल्याचे. गाठ फुटली की पडतात."
"आई आहे ती. तुमच्या गरडीतला पैलवान नाही."
सोमवारी संधिवाताच्या डॉ.कडे नेणार म्हणते. मीही येतो म्हटलं.

१९ जाने., सोमवार
डॉ. बाई रे.च्याच वयाच्या. झोप लागते का, उठल्यावर ताजं वाटतं का, विसरायला होतं का, कधीपासून. शां. प्रत्येक प्रश्नाला घाईघाईने उत्तर देत होती, पुन्हा कुणी विचारणारच नाही असं समजून. "तीन वर्षं झाली," म्हणाली. तीन वर्षं! मला दिवाळीत कळलं.
मग बाईंनी खांद्यावर अंगठा टेकवला. केळं पिकलंय का बघतात तितकाच. शां. ओरडली, "आई गं!" मोठ्याने. इतक्या वर्षांत मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. माझ्या तोंडून गेलं, "ओरडू नको."
बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग तिच्या दंडाकडे. म्हणाल्या, "रावरे, थोडा वेळ बाहेर बसता?"
बाहेर बाकावर बसलो. का पाठवलं ते लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा दोन्ही हात मांडीखाली घातले.
नंतर आत बोलावलं. आजाराचं नाव फायब्रोमायाल्जिया. रे.कडून कागदावर लिहून घेतलं. रक्तात दिसत नाही, एक्सरेत दिसत नाही, पण दुखणं खरं. थोडं लागलं तरी मेंदूला फार मोठं कळतं. जोराने दाबणं बंद. हळूहळू चालणं, झोप, एक गोळी. पूर्ण जाईल असं सांगवत नाही, पण कमी होईल.
शां. पुन्हा रडली. हे रडणं वेगळं होतं. "नाव आहे ना याला," म्हणाली.
मी बाहेर असताना ती बाईंना काय म्हणाली? विचारायचा धीर नाही.

२१ जाने., बुधवार
शां. रे.कडे गेली. "थोडे दिवस निवांत झोपते." रिक्षात बसवताना सवयीने दंड धरायला गेलो. तिने अंग चोरलं. लगेच म्हणाली, "तुमच्यामुळे नाही हो, आपोआप होतं."
आपोआप.
रे. म्हणाली, "अप्पा, तुम्ही फोन करू नका. बरं वाटलं की आईच करेल." कबूल केलं.

२३ जाने., शुक्रवार
वरुण्याहून दूध घालायला येतो तो शिवण्णा, मान आखडून आला. चटईवर बसवला, तेल लावलं आणि हात थांबला.
"दुखतंय का?"
"यजमानरे, दुखतंय म्हणून तर आलो!"
"दाबू का?"
"मुहूर्त बघताय की काय?"
म्हटलं, दुखलं तर ओरड. त्याला चेष्टा वाटली. हलकेच दाबलं. जाताना म्हणतो, तुमचा हात गेला आता. म्हणू दे.
शां.ला एवढं एकदा विचारलं असतं...

२६ जाने., सोमवार
पद्माबाईंकडे जाऊन सांगितलं, आळस नव्हता, आजार आहे. कागदावरचं नाव वाचून दाखवलं. अडखळलो. त्या म्हणाल्या, "अय्यो, आणि मी चेष्टा केली!" चेष्टा मी केली होती.
फोन नाही. रेंज आहे का बघायला दोनदा गच्चीवर गेलो. रे.ला शब्द दिलाय म्हणून मी करत नाही.
तेलाची बाटली शिवण्णाला देऊन टाकली. मग वाटलं, तुला विचारायला हवं होतं.
शांता, बाईंना काय सांगितलंस ते नको सांगू. तू म्हणशील तिथेच हात लावीन. नको म्हणालीस तर नाही. पण झोप लागते का, घरी यावंसं वाटतं का, एवढं कळव. लवकर कळव गं. ओरडून सांगितलंस तरी चालेल.