जळक्या खांद्याचा कोट

१९ डिसेंबर १९४३

आज सकाळी थंडी फार होती म्हणून पलटणीतला जुना खाकी सदरा अंगात घातला — एवढंच केलं मी!

उद्या सोमवार. महादेवाच्या अभिषेकाला मध हवा होता. तो सिद्धगडाखालच्या वाडीत नवसूकडे मिळतो. नाम घेत घेत चढ चढलो. वाडी दिसली, आणि बघता बघता रिकामी झाली. बाया पोरं काखेला मारून रानात शिरल्या. गेल्या हिवाळ्यात गडावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हापासून ही माणसं पोलिसांना भितात हे ठाऊक होतं. पण मला?

नवसूची बायको लहानी तेवढी मागे राहिली. पाय बांधलेली कोंबडी आणून तिने माझ्या पायाशी ठेवली. मान वर न करता म्हणाली, "सायब, या खेपेला एवढीच हाय. मानसं उद्या धाडतो."

"लहानी, मी आहे गो. हवालदार."

ओळख पटली तशी तिने कोंबडी उचलून घेतली. मग हळूहळू बोलली. एक खाकीवाला साहेब येतो. लढाईचं काम, सरकारी हुकूम, असं सांगतो. माणसं कोळशाच्या भट्टीवर राबवतो. राखीव रानातला सागही तोडायला लावतो. मजुरी नाही, मूठभर दाणा नाही. वर कोंबडी द्यायची.

दिसतो कसा, विचारलं. टोपी डोळ्यांवर ओढलेली असते, तोंडाकडे बघायची कोणाची छाती नाही. "कोट बगतो आमी. हितं जळलाय, काळ्या दोऱ्यानं शिवलाय." आणि तिने माझ्याच डाव्या खांद्याकडे बोट केलं.

मध न घेताच उतरलो.

२० डिसेंबर

अभिषेक झाला. पाणी घालत होतो, चित्त नव्हतं.

तो कोट माझा आहे. बसऱ्याच्या छावणीत शेगडीजवळ वाळत घातला तेव्हा खांदा जळला. काळाच दोरा मिळाला, त्यानेच शिवला. पारूच्या लग्नात जावयाला मानाचा कोट द्यायचा तर लढाईपायी कापड कुठे मिळेना. शेवटी हाच धुतला, बटणं राखेने घासली आणि मांडवात माझ्या हाताने चांगोच्या अंगावर चढवला. सगळे म्हणाले, शोभतो!

चांगो सापगावचा. वाशिंदला दामूशेठच्या कोळशाच्या वखारीत मुकादम आहे.

कोट विकला असेल. चोरीला गेला असेल. देवा, तसंच असू दे.

२७ डिसेंबर

वाशिंदला वखारीत जाऊन आलो. दामूशेठने खुर्ची दिली, चहा मागवला. मी वाडीचं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मधे मधे हळहळलासुद्धा. म्हणाला, लढाई चालू आहे, मोटारी आता कोळशावर चालतात, सरकारला माल लागतो. पण माझा एकही माणूस खाकी घालत नाही. रानातल्या लोकांना कुठलं काय दिसेल, हवालदार!

चांगो तिथेच होता. धोतर, पांढरा सदरा. पाया पडला. "कवा आलात मामा? पारू बरी हाय." कोट कुठे आहे, हे न विचारताच उठलो. लढाईत इतका भ्यालो नव्हतो.

३ जानेवारी १९४४



नदीच्या उतारावर शेठच्या गाड्या अडकल्या होत्या. सागाचे ओंडके. नवसूने गाडीला खांदा द्यायला नकार दिला. म्हणाला, तोडला तेवढा पुरे, आता वाहणार नाय. कोंडू गाडीवानाने चाबूक ओढला. एक बसला. दुसरा बसायच्या आत चाबूक माझ्या मुठीत होता! मी कधी पुढे झालो, मलाच कळलं नाही. कोंडू पाण्यात पडला, त्याचे दोघे सोबती गाड्या टाकून पळाले.

वाडीचा म्हातारा मंगळू काठावरून म्हणाला, "हवालदार, हात अजून पलटनीतच हाय जनू!" सगळे हसले. मीही हसलो. किती दिवसांनी!

हसू सुकायच्या आत शिपाई आले. नवसूने सरकारी साग चोरला अशी शेठची फिर्याद! खाकी साहेबाने तोडायला लावला, असं नवसू ओरडून सांगत होता. कोणता साहेब? नाव काय? नाव कोणालाच ठाऊक नाही. त्याला दोरी लावून नेला. मला कोणी हात लावला नाही. पेन्शनर ना मी.

५ जानेवारी

लहानी अंगणात येऊन बसली. रडली नाही. घरातून भाकरी दिली, ती पदरात बांधून घेतली. जाताना एवढंच म्हणाली, "नवसूची अठराला तारीख हाय. मी कोट सांगितला तवा तुमचं तोंड पडलं होतं, हवालदार."



१० जानेवारी, पौष पौर्णिमा

म्हशाच्या जत्रेत गेलो. देवाचं दर्शन घेऊन घोंगड्यांच्या बाजारात आलो, तर समोरून चांगो आणि पारू. आणि चांगोच्या अंगात तो कोट! भर दुपारी, भर जत्रेत. रानातली माणसं त्याला बघून आपोआप बाजूला होत होती. वाट मोकळी होत होती त्याच्यासाठी.

त्याला वाटलं मला आनंद होईल. "बगा मामा, तुमच्या कोटाला कसा मान हाय!"

त्याचा हात धरला. बाजूला नेऊन म्हटलं, अठराच्या आत तूच मुरबाडच्या कचेरीत जा आणि खरं सांग. नाहीतर मी जाऊन सांगतो.

तो हसला. शेठ सांगतो ते करतो, म्हणाला, सगळेच करतात. मग आवाज उतरवून बोलला, "तुमी कचेरीत उभे ऱ्हा, तुमची पोर तुमच्या दारात उभी करतो. मग सांभाळा जन्मभर."

पारू दोन पावलांवर होती. सगळं ऐकलं तिने. मला म्हणाली, "बाबा, थंडी हाय. एक घोंगडी घ्या." आणि त्याच्या मागे चालू लागली.

घोंगडी घेतली नाही.

११ जानेवारी

जप होत नाही. माळ हातात घेतली की काळा दोरा दिसतो.

१४ जानेवारी

संक्रांत. घरी सगळं सांगितलं. बायकोने तिळाची वाटी पुढ्यात ओढून घेतली. मला वाटलं, म्हणेल गप्प राहा, पोरीचा संसार आहे. मी तेच ऐकायला बसलो होतो, खोटं कशाला लिहू?

ती म्हणाली, "लहानीचा नाय का संसार?"

उठली आणि तीळ चुलीवर भाजायला टाकले.

१७ जानेवारी

उद्या. बोलवेल ना माझ्याच्याने? शेठचा वकील विचारणार, कोट कुठे आहे दाखवा. चांगो काय तो हातात आणून देणार आहे? नुसता माझा शब्द.

महादेवाला बेल वाहिला. काही मागितलं नाही.

१८ जानेवारी

कचेरीत पाऊल टाकलं. कोट टेबलावर होता! घडी घातलेला, जळका खांदा वर.

कारकुनाने सांगितलं, सापगावची एक बाई काल येऊन धर्मशाळेत राहिली आणि दार उघडताच हा ठेवून ओसरीवर बसली. कोण घालतो, म्हणून विचारलं तर म्हणाली, "माझा घरधनी. त्याचं नाव मी घेत नाय. माझा बाप येईल, तो घेईल."

हाकिमाने मला पुढे बोलावलं. नवसू भिंतीशी उभा होता.

मी नाव घेतलं.