थर्मोस्टॅट मिळत नाही, सबब आई येऊ शकत नाहीत

उलानबातर
(थंडी उणे एकतीस. रेडिओ उणे सत्तावीस सांगतो, पण रेडिओवर माझा विश्वास नाही.)

आदरणीय थोरले मेहुणे दामदिनसुरेन यांस,

टोपी सरळ करून आणि बाह्या मनगटापर्यंत ओढून धाकट्या योंदोनचा मानाचा नमस्कार. हिवाळा सुखात चाललाय ना? गुरंढोरं धष्टपुष्ट आहेत ना? (इंचॉनच्या अकराव्या मजल्यावर तुमच्याकडे गुरंढोरं नसणार हे मला ठाऊक आहे, पण रीत ती रीत. आणि नसतीलच असं खात्रीनं कोण सांगणार.) तुमचे गुडघे आणि वहिनींचा रक्तदाब ताळ्यावर असावा. इकडे तुमची बहीण सरनाई बरी आहे, म्हणजे माझ्यावर डाफरण्याइतकी बरी आहे.

नव्या वर्षाच्या आत आईला शहरात आणून आमच्या फ्लॅटमध्ये ठेवा, या वयात तिनं एकटीनं हिवाळी तळावर राहायचं नाही, हा तुमचा हुकूम फोनवर फोन करून पोचला. तुमची काळजी रास्त आहे. सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या झाल्या. गेरच्या तंबूतल्या चुलीत गोवऱ्या त्याच घालतात, पाण्यासाठी नदीवरचा बर्फ त्याच फोडतात, आणि शेजारचं मेंढपाळ कुटुंब आहे दोन टेकड्यांपलीकडे. उद्या पाय घसरून पडल्या तर हाक कोणाला मारणार, या विचारानं सरनाईला झोप लागत नाही. म्हणून मलाही लागत नाही.

पण आणायचं कशातून? तर तुम्ही कोरियाला जाताना मला विकलेल्या त्या पांढऱ्या जपानी जीपमधून. "योंदोन, गाडी नाही, माझा सख्खा भाऊ तुझ्या हवाली करतोय," असं तुम्ही डोळ्यांत पाणी आणून म्हणाला होतात. पाल माझ्या मनात तेव्हाच चुकचुकली. सख्खा भाऊ कोणी रोख पैसे घेऊन हवाली करत नाही. मी बत्तीस वर्षं शाळेच्या कोठाराच्या किल्ल्या सांभाळल्या. खडूच्या खोक्यावरचं झाकण तिरकं दिसलं तरी मी आतले खडू मोजणारा माणूस. तरीही नातं आहे म्हणून गप्प बसलो.

तर पहिला बर्फ घट्ट बसल्यावर मी तळावर गेलो. सासूबाईंनी खारट दुधाचा चहा दिला, उकडलेलं मटण दिलं, वाळवलेलं दही दिलं. मी आडवा झालो. उठलो, त्यांची गाठोडी गाडीत टाकली, त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि निघालो. पहिली खिंड येईपर्यंत हीटरमधून जे वारं सुटलं, ते बाहेरच्यापेक्षा थंड होतं असं मी शपथेवर सांगतो. आतल्या काचेवर बर्फाची साय धरली. माझ्या मिशा कडक झाल्या. सासूबाई लांडग्याच्या कातड्याच्या टोपीतून शांतपणे म्हणाल्या, "जावई, मला शहरात न्यायचंय की गोठवून न्यायचंय, ते एकदा ठरव." मी गाडी वळवली. त्यांना परत चुलीपाशी बसवून एकटाच शहरात आलो, पाय चोळत.

आता मेकॅनिक खुरेल. (हा स्वतःची गाडी कधी चालवत नाही, बसनं येतो. का येतो?) त्यानं बॉनेटवरची वाकळ काढली, दोन बोल्ट सोडले, नळीत बोट घातलं आणि म्हणाला, "काका, यात थर्मोस्टॅटच नाहीये." मी म्हटलं, मोडला असेल. तो म्हणाला, "मोडायला असावा लागतो." तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण सांगतो. इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवरचं ते दार. पाणी गार असेतो बंद राहतं, पुरेसं तापलं की उघडतं. दारच नसेल तर पाणी सारखं रेडिएटरकडे पळतं, आणि आपल्या हिवाळ्यात ते जन्मात तापत नाही. उन्हाळ्यात खिंडी चढताना इंजिन उकळतं म्हणून काही शहाणे तो काढून फेकतात. तुम्ही उन्हाळ्यातच गाडी विकलीत. मी काही म्हणत नाही. फक्त उन्हाळा होता एवढंच म्हणतो.

दुसरा संशय त्या मेंढपाळांच्या थोरल्या मुलावर, तो त्या दिवशी तळावर घुटमळत होता. मी निघालो तेव्हा गाडीच्या पोटाखाली बर्फावर हिरवट डाग होता. मला वाटलं बोकडाचा प्रताप. आता वाटतं कुठेतरी पाणी मुरतंय, तेही अक्षरशः. तिसरा संशय खुद्द खुरेलवर. नळीत बोट त्यानं घातलं होतं. बाहेर काढताना मुठीत काय होतं, हे मी पाहिलं नाही.

मग स्पेअर पार्टचा बाजार. जहाजावरच्या लोखंडी खोक्यांत थाटलेली दुकानं, आणि प्रत्येकात एकच वाक्य: अस्सल जपानी. एका बाईनं मला तीन थर्मोस्टॅट दाखवले. तिन्हींवर जपान लिहिलेलं, तिन्हींची अक्षरं वेगवेगळी. मी हुंगून पाहिले, दातांनी चावून पाहिले. ती म्हणाली, "काका, खायचे नसतात ते. घरी उकळत्या पाण्यात टाका, उघडला तर चांगला, नाही उघडला तर परत आणा." विकणारी बाई परत आणा म्हणते, यातच काळंबेरं आहे. मी तिन्ही घेतले आणि घरी चहाच्या पातेल्यात सोडले. (पातेल्यात चहा होता हे मला नंतर कळलं. सरनाईनं तो पाहुण्यांना दिला, हे पाहुण्यांना अजून कळलेलं नाही.) पहिला थंडीतच उघडा पडलेला, निर्लज्ज. दुसरा चहा आटेपर्यंत उघडला नाही, बायकोच्या माहेरच्या माणसांसारखा. तिसरा मात्र वेळेवर उघडला, बाहेर काढताच वेळेवर मिटला, पुन्हा टाकला तर पुन्हा उघडला. इतकं चोख काम कोणी विनाकारण करत नाही. मला तिसऱ्याचाच सर्वांत जास्त संशय आला.

तात्पर्य, सबंध उलानबातरमध्ये भरवशाचा थर्मोस्टॅट मिळत नाही. तो नाही तर हीटर नाही, हीटर नाही तर आई येऊ शकत नाहीत. आपण मोठे आहात, समजून घ्याल. माझे सगळे उपाय थकले.

आपला आज्ञाधारक,
योंदोन

ता. क. पाकीट चिकटवलं होतं. सरनाईनं ते वाफेवर उघडलं (मला संशय होताच) आणि म्हणाली, "वर जे लिहिलंय ते राहू दे, खाली खरं लिही, नाहीतर मी फोन करते." म्हणून लिहितो. तळावर जाताना हीटर उत्तम चालला होता. मी कोट काढून गाडी चालवली. हे वर लिहायचं राहून गेलं.

ता. क. २. तो तिसरा थर्मोस्टॅट खुरेलनं बसवला आणि मी परवा पुन्हा तळावर गेलो. गाडी अशी तापली की काच खाली करावी लागली. पोचल्यावर बॉनेटला साखळी गुंडाळून कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली आणि मेंढपाळाच्या पोराकडे रोखून बघत बसलो. सासूबाईंनी विचारलं, कुलूप कशाला? मी सगळी हकीकत सांगितली, कोणाकोणावर संशय आहे तेही. (तुमचं नाव आधी घेतलं, क्षमा असावी.) त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग अंगरख्याच्या छातीशी हात घालून काहीतरी काढलं, डाव्या हातानं उजवं कोपर धरलं आणि मानाची वस्तू द्यावी तसा तो माझ्या तळहातावर ठेवला. तुमचा जुना थर्मोस्टॅट. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

सहकारी संस्थेचा लोकरीचा ट्रक ज्या बाईनं वीस हिवाळे हाकला, तिला दोन बोल्ट काय जड. मी मटण खाऊन घोरत होतो तेवढ्यात काम उरकलं, पाणी पुन्हा भरलं, हात धुतले, आणि मला जागं करून वर चहा दिला. मी ज्या एकाच माणसाचा संशय घेतला नाही, ते माणूस समोर बसून गालातल्या गालात हसत होतं. मला राग आला होता. मी म्हटलं, यायचं नव्हतं तर तोंडानं सांगायचं. त्या म्हणाल्या, "तोंडानं सांगितलं की तुम्ही समजूत काढता. बिघडलेल्या गाडीची कोणी समजूत काढत नाही." मग चुलीकडे बघत: "नव्या वर्षाला धाकट्यांनी मोठ्यांच्या दारी यायचं. मोठ्या बाईला गाठोड्यासारखं उचलून धाकट्यांच्या घरी ठेवत नाहीत. मी इथून उठले, तर दामदिन आला तर येणार कुठे?"

 गाडी गरम असूनही एकटाच परत आलो, आणि वरचं पत्र लिहायला बसलो.

ता. क. ३. आता खरं काम. त्या पडतील, गोठतील ही भीती मलाही आहे, पण माझ्या हातानं त्या गाडीत बसणार नाहीत आणि सरनाईच्याही नाही. नेणारा असेल तर तो तुम्हीच. तुम्ही चार नवी वर्षं फोनवर साजरी केलीत. कारखाना सुट्टी देत नाही हे कारण मी चार वेळा ऐकलं, आणि माझा स्वभाव तुम्ही जाणता. विमानतळावर घ्यायला मी येतो. पातळ कोट घालून आलात तरी चालेल, तळापर्यंत हीटर बंद पडणार नाही. आल्यावर न्या त्यांना शहरात, नाहीतर बसा चार दिवस चुलीपाशी, ते मायलेकांनी ठरवा.

तुम्ही याल असं मी त्यांना सांगितलेलं नाही, कारण तुमच्या येण्याचाही मला संशय आहे. त्यांनी मात्र तुमच्या वाटचे मटणाचं सारण भरलेले बूझ वळून गेरबाहेर पेटीत गोठवायला ठेवलेत. दर वर्षी ठेवतात म्हणे. बर्फ वितळायला लागला की कुत्र्याला घालतात.