वऱ्हाड ग्रॅव्हल रूट क्रमांक एक

७ सप्टेंबर २०२५, रविवार
अनुपचे फोटो आले. अनुप म्हणजे प्रणालीचा धाकटा भाऊ, अर्थात माझा साळा. इंग्लंडात शेफील्डला नोकरी. आठवडाभर कॉम्प्युटर, रविवारी सायकल. याला तिकडे ग्रॅव्हल बायकिंग म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे गिट्टी. आमच्या कॉलनीत रस्त्यासाठी आणलेली गिट्टी चार वर्षं पडून आहे, तिच्यावरून पोरं रोज सायकली नेतात. त्यांचे फोटो कोणी काढत नाही.

फोटोत हिरव्या टेकड्या, दगडी कुंपणं, मेंढ्या. सगळ्यात उंच डोंगर सहाशे छत्तीस मीटर. एवढ्याला डोंगर म्हणतात! चिखलदरा अकराशेच्या आसपास आहे. मी एकोणीस वर्षं भूगोल शिकवतो, मला कोणी उंची सांगू नये.

शिवाय म्हणे तिकडे वाट लोकांच्या शेतातून जाते. फाटक उघडायचं, जायचं, मागे बंद करायचं. मालक हात हलवतो. अशा माणसांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं हे पटत नाही. आमच्याकडे दुसऱ्याच्या शेताच्या धुऱ्यावर पाय पडला तरी गोष्ट तहसीलपर्यंत जाते.

फॅमिली ग्रुपवर लिहून टाकलं: असे रूट वऱ्हाडात ढिगाने आहेत, मी दर रविवारी करतो. प्रणालीने वाचलं आणि मोबाईल उलटा ठेवला.

११ सप्टेंबर
सायकल घेतली. ग्रॅव्हलचीच. किंमत इथे लिहीत नाही, ही वही प्रणालीच्या हाती लागू शकते.

१४ सप्टेंबर, रविवार, पहाटे ५.१०
संकल्प: अमरावती ते चांदूर रेल्वे, पोहऱ्याच्या जंगलातून. तिथून नांदगाव खंडेश्वर. परत.

सकाळी ७.४०
छत्री तलावापर्यंत गेलो. चार किलोमीटर. सीट चुकीची बसवली आहे. दुकानदाराला सायकलीतलं काही कळत नाही. चहा बरा होता.

२१ सप्टेंबर, रविवार
आधी रस्त्याची पाहणी, मग सायकल. हीच शास्त्रीय पद्धत. त्यामुळे आज स्कूटर नेली. रूट सेव्ह व्हावा म्हणून फोनवर सायकलिंगचं अ‍ॅप चालू ठेवलं. घरी येऊन पाहतो तर अ‍ॅपने ती सायकल फेरी म्हणून जाहीर केलेली. बावन्न किलोमीटर, सरासरी ताशी अडतीस. यात माझा काय दोष? अ‍ॅपने विचारायला पाहिजे होतं.

२२ सप्टेंबर
अनुपची कॉमेंट: जिजू, तुमी त राक्षस आहात! खाली त्याच्या इंग्रज मित्रांचे अंगठे. आता खुलासा केला तर पोराचा हिरमोड होईल. मोठ्यांना सांभाळून घ्यावं लागतं.

१२ ऑक्टोबर, रविवार
चौथी पाहणी. सरासरी एकेचाळीस. पोहऱ्याच्या चढावर जास्तच पडली, पुढच्या वेळी स्कूटर हळू घ्यायची.

नांदगावच्या अलीकडे माझी सासुरवाडी लागते. सासऱ्यांचा भाजीचा मळा डांबरी रस्त्यापासून हाकेवर. थांबलो नाही. जावयाने असं न कळवता, हेल्मेट घालून जायचं नसतं. आणि सासूबाई एकदा पाट मांडून बसवतात की दोन तास गेले. सरासरी पार बसते.

प्रणालीने विचारलं, दर आयतवारी तिकडून जाता त आईले भेटता काय? म्हटलं, खेळाडूला मध्ये थांबता येत नाही. ती म्हणे, खेळाडू कोन?

२ नोव्हेंबर, रविवार
सासरे वामनराव यांच्याबद्दल अनुपने ग्रुपवर लांबलचक लिहिलं. बाबा तीस वर्षं सायकलवर भाजीची दोन टोपली बांधून चांदूरच्या बाजारात जायचे, तेच खरे ग्रॅव्हल रायडर वगैरे. सगळ्यांनी हात जोडले. मी नाही. वांगी वाहून नेणं वेगळं, सायकलिंग वेगळं. त्यात कॅडन्स असतो, म्हणजे पायडलची लय, नाडीच्या ठोक्यांचे झोन असतात. सासऱ्यांना झोन माहीत आहेत का?

१६ नोव्हेंबर, रविवार
आज पाहणीला गेलो नाही, सर्दी. घरी बसून रूट पक्का केला. सारखं डांबर घेतलं तर त्याला ग्रॅव्हल कोण म्हणेल? सॅटेलाइटवर पाहिलं तर सासुरवाडीच्या मागे एक पांदण रस्ता, बैलगाडीची वाट, सरळ, पांढराशुभ्र, थेट मळ्यापर्यंत. बोटाने रेघ ओढली. इंग्लंडात असलं काही नाही. नाव दिलं: वऱ्हाड ग्रॅव्हल रूट क्रमांक एक. शेवट सासुरवाडीत, मुद्दामच. गावाने पाहिलं पाहिजे.

रागिणी म्हणाली, बाबा, मी पण येते. माझी मुलगी, नववीत आहे, रोज शाळेत सायकलनेच जाते. समजावलं की ही पोरांची कामं नव्हेत.

३० नोव्हेंबर
अनुप येतो आहे. वीस डिसेंबरला. एकवीसला माझ्यासोबत रूट करणार. म्हणे, तुमच्यासाठी सहा महिन्याची तयारी चार आठवड्यात करून राहिलो.

आजपासून रोज पंधरा किलोमीटर, गोड बंद, पहाटे साडेचार.

९ डिसेंबर
थंडी. घसा. शाळेत घटक चाचणीचे पेपर. साडेचारचा गजर प्रणाली बंद करते असा मला संशय आहे.

१७ डिसेंबर
अनुपला मेसेज केला: तुझ्या लायकीची सायकल इथे मिळणार नाही, रूट पुढच्या वर्षी करू. उत्तर: रागिणीची घेतो.

२० डिसेंबर, शनिवार
अनुप आला. बारीक झाला आहे. तिकडे खायला मिळत नसावं. जेवताना त्याने माझे सगळे आकडे पाठ म्हणून दाखवले. पोहऱ्याच्या चढावर मी एवढा कसा पळवतो, ते विचारलं. म्हटलं, श्वासावर असतं. प्रणालीला ठसका लागला.

२१ डिसेंबर, रविवार, रात्री ८
थोडक्यात लिहितो. हाताला फोड आहेत.

अनुप रागिणीच्या सायकलवर. पुढे बास्केट, त्यात त्याने संत्री ठेवली होती. पोहऱ्याच्या चढावर माझी चेन बिघडली, म्हणजे बिघडल्यासारखी वाटली, म्हणून उतरून चाललो. तो वर थांबून संत्रं सोलत होता. एक फोड मला दिली. काही विचारलं नाही. हे इंग्रजी वळण मला आवडत नाही.

चांदूरला चहा घेतला, पुढे दोनदा चेन. पांदणीच्या तोंडाशी पोचायला साडेबारा झाले. अनुप म्हणाला, जिजू, इकून नोका जाऊ, डांबरीनंच जाऊ. मी म्हटलं, तुझे टायर बारीक आहेत, तू जा डांबरीने, मी रूट पुरा करून घरी भेटतो. तो गेला.

सॅटेलाइटचा फोटो एप्रिलमधला असणार. आता निम्म्या पांदणीत शेजारच्या शेतातल्या पुंजारामने हरभरा पेरून ठेवला होता, आणि उरलेल्या निम्मीवर त्याचं स्प्रिंकलर फिरत होतं. पन्नास पावलांत चाकं भरली. शंभरात फिरेनात. काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते, चिकटते. दहावीला तीन मार्कांना येतं, मी दरवर्षी फळ्यावर लिहून देतो. सायकल ओढवेना, उचलवेना. बूट एका ठिकाणी, मी दुसऱ्या ठिकाणी. तेवढ्यात स्प्रिंकलरचा फवारा फिरून आला.

वामनराव मळ्यातून आले. खुरप्याने दोन्ही चाकं साफ केली, सायकल खांद्यावर घेतली आणि चालू लागले. वय एकाहत्तर. मी मागून, अनवाणी.

वाटेत, मागे न पाहता, बोलले. म्हणाले, जावईबापू, दर आयतवारी पाहातो मी तुमाले. मळ्यातून रोड दिसते. पांढरी स्कूटर. तुमची सासू दर आयतवारी दोन भाकरी जास्तीच्या टाके. म्हणे, आज त वळतीन.

मी विचारलं, मग?

म्हणाले, मंग काय. संध्याकाळी गाईले घालो.

थोडं पुढे गेल्यावर मी विचारलं, अनुपला सांगितलं का. ते थांबले. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. म्हणाले, जावयाची गोठ कोनाले सांगाची असते काय?

घरी अनुप अंगणात उभा होता. वामनरावांनी त्याला सांगितलं, पाहुने इथवर आलते, सायकल मीच हट्टानं घेतली. सासूबाईंनी पाय धुवायला गरम पाणी दिलं आणि ताटात तूप वाढलं. मला जेवण गेलं नाही. लाज वाटली. हे इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही.

२७ डिसेंबर
अनुप सकाळी गेला. मी अ‍ॅपवरच्या माझ्या सगळ्या फेऱ्या पुसल्या. विमानतळावरून त्याचा मेसेज: जिजू, अकाउंट हॅक झालं काय? हो म्हटलं.

२८ डिसेंबर, रविवार
सकाळी स्कूटर काढली. प्रणालीने विचारलं, कुठं? तुझ्या माहेरी, म्हटलं. ती पाच मिनिटांत तयार होऊन मागे बसली. आम्ही अकराला पोचलो. वामनराव मळ्यातून हात पुसत आले.

सासूबाईंची चूल विझलेली होती. आज त्यांनी जास्तीच्या भाकरी टाकल्या नव्हत्या. म्हणाल्या, माय, मले वाटलं आता काई तुमी येत नाई. आणि पुन्हा पीठ घेऊन बसल्या.