‘ळ’ वगळता सर्व क्षेम

मु. कासार आंबोली, तालुका नेहमीचाच, जिल्हा पुणे
बुधवार, ता. ११ फेब्रुवारी १९८१

श्री. हैबतराव यांस,
कोंडाजीचा साष्टांग नमस्कार.

वर आपलं आडनाव नाही, तालुक्याचंही नाव नाही. यात अपमान शोधू नये. (शोधायचाच असेल तर खाली भरपूर आहे.) आपले गुडघे कसे आहेत? वैद्यांचं तेल लागू पडलं का? वहिनींचा राग उतरला असेलच. नसेल तर हे पत्र त्यांना वाचून दाखवू नये. इकडे आम्ही खुशाल आहोत, एक अक्षर सोडून.

त्याचं असं झालं. दसऱ्यानंतर आपण आपल्या ऑफिसानं निकालात काढलेला टाइपरायटर आपल्या लाडक्या भाचीसाठी एस.टी.च्या टपावरून पाठवलात. सोबत चिठ्ठी: ‘नव्यासारखा आहे, फक्त हात बसायला हवा.’ हात बसला, हैबतराव. अक्षर उठेना. वर्णमालेत ‘ह’ आणि ‘क्ष’ यांच्या मधे जे बसतं आणि परप्रांतीयांच्या जिभेला जे जन्मात जमत नाही, तेच ते. बटण दाबलं की बटण खाली जातं, दांडी मात्र जागची हलत नाही. पौडच्या कचेरीतल्या शिपायासारखं. घंटा ऐकतो, मान डोलावतो, उठत नाही. (त्याच दांडीवर एक अपूर्णांकाचं चिन्हही राहतं. तेही गेलं, पण त्याच्यासाठी कोणी रडलं नाही.)

आता येत्या बावीस तारखेला जयाची टंकलेखनाची परीक्षा. मिनिटाला तीस शब्द. पास झाली तर त्याच कचेरीतली टंकलेखकाची जागा तिची. नापास झाली तर माझी थोरली बहीण चांगुणा एक मुलगा दाखवायला घेऊन येणार, ज्याच्यापाशी मोटारसायकल आहे आणि त्यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. म्हणजे पोरीचं नशीब एका लोखंडी दांडीवर लटकलेलं. त्यात परीक्षेचा उतारा सरकारी पत्राचा, आणि सरकारी पत्र ज्या क्रियापदानं सुरू होतं त्यात दुसरंच अक्षर हे! त्याच्याविना शासन जनतेला काहीही सांगू शकत नाही. (त्याच्यासकट सांगतं तेव्हा तरी कोणाला काय उमगतं म्हणा.)

पहिला उपाय माझा. रॉकेल आणि दात घासायचा ब्रश. ब्रश चुकून आपल्या भगिनीचा उचलला गेला, आणि हे तिच्या ध्यानात दुसऱ्या दिवशी दात घासताना आलं. मग जो भडका उडाला त्याला काडी लागली नाही. दुसरा उपाय शेजारच्या रंभाबाईंचा. त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला, “नजर लागलीया, गुरुजी. लई मान्सं बघून गेली.” मीठमोहरी उतरून टाकली, त्यातली निम्मी मोहरी यंत्रात गेली. तेव्हापासून ‘म’ दाबला की आतून कुरकुर ऐकू येते. तिसरा उपाय नथू शिंप्याचा. त्यानं शिलाई मशीनचं तेल इतकं सोडलं की दोन दिवस प्रत्येक शब्द तेलकट उमटला. मी संपादकांना धाडलेलं पत्र भज्यांच्या कागदासारखं दिसत होतं. (त्यांनी ते त्याच कामी वापरलं असावं. छापून तर आलेलं नाही.)

शेवटी शनिवारी गिरणीवाला कुशाबा पाना घेऊन आला. त्यानं यंत्र उताणं पाडलं, आत डोकावला आणि विचारलं, “गुरुजी, ह्ये अक्षर रोज लागतंया का वो?” म्हटलं, लागतं बाबा. “मंग आदीच दोन ठिवायची न्हाईत व्हय?” हा माणूस शासनात हवा होता. दोन तास त्यानं आत हात घातला आणि आतून जे बाहेर काढलं त्याचं नाव मला इथे टंकता येत नाही; तेव्हा तो विषय सोडतो.

मात्र या निमित्तानं एक गोष्ट समजली, हैबतराव. त्या अक्षराविना माणूस किती मोजकं बोलतो! जिथे मी बावीस वर्षं पोरांना पाढे शिकवतो त्या इमारतीचं नाव गेलं. ज्या दोन अवयवांवर चष्मा चढवतो ते गेले. चिंता करायची तर तिचा घरगुती शब्द गेला. निंदेचे तर निम्मे शब्द गेले, तरी पाहा, आपल्याविषयी जे म्हणायचं ते म्हणून झालंच. चार दिवस हा कागद चढवून बसलो आहे. एकेका वाक्यासाठी अंगणात चार-चार फेऱ्या घालतो. शब्द सुचला की धावत येऊन ठोकतो. जया पाठीशी उभी राहते, भिंतीवरच्या काट्यांकडे बघते आणि सुस्कारा टाकते. पोरीला बापाच्या शैलीची जाण आहे.

असो. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद आणि गुडघ्यांना तेल.

आपला, एका अक्षरानं उणा,
कोंडाजी

ता. क.: मुद्द्याचं राहिलंच. आपल्या दिवाणखान्यात क्रोशाच्या रुमालाखाली जो दुसरा, खरोखरचा नवा टाइपरायटर आहे, तो परीक्षेपर्यंत इकडे द्यावा. आपण तो वर्षातून एकदा, भाडेकरूंना नोटीस द्यायलाच उघडता, असं आपली भगिनी म्हणते. या महिन्यात त्यांना तोंडी दटावावं. टपावर टाकू नये, मांडीवर घेऊन यावं. (जुना परत धाडणार नाही. माझं त्याच्याशी जमलं आहे.)

ता. क. दुसरा: मामा, मी जया. बाबा अंगणात फेऱ्या मारतायत तेवढ्यात टाइप करते. पाकिटावरचं नाव पुन्हा एकदा बघा. हैबतराव वाळंज. आणि खाली आमचा तालुका मुळशी. दोन्ही मीच टाइप केलंय, याच मशीनवर. ‘ळ’ शनिवारीच सुरू झाला. कुशाबाकाकांनी आतून तूरडाळीचा दाणा काढला. आई मशीनशेजारीच डाळ निवडायला बसते ना. पण बाबा म्हणाले, आता अर्धं पत्र मनात जुळवून झालंय, ‘ळ’ टाळूनच ते पुरं करणार. तेव्हापासून मशीन त्यांच्याकडे आहे. चार दिवसांत मला सगळा मिळून तासभरसुद्धा मिळालेला नाही, आणि जो मिळाला तो ते जेवायला बसले तेव्हा. सकाळी म्हणत होते, यानंतर हेडमास्तरांना रजेचा अर्जही ‘ळ’ वगळून करणार. आत्यानं त्या मोटारसायकलवाल्याला तेवीस तारीख कळवूनही टाकलीय.

मामा, मशीन नका पाठवू. बाबांना बावीस तारखेपर्यंत तुमच्याकडे बोलावून घ्या. गुडघे फार दुखतात, जवळ कुणीतरी हवं, असं कळवा. आणि ते पोचायच्या आत रुमालाखालचं तुमचं मशीन तेवढं माळ्यावर चढवा.