नऊ किलोचं मशीन

प्रिय ठमे,

फोनवर तू म्हणालीस, "आई, भाषण नको." म्हणून हे पत्र. यात तरी तुला मला मध्येच तोडता येणार नाही. इकडच्या शाखेत बदली घ्यायची की बाळाला घेऊन तिथेच राहायचं, हे तू महिनाअखेर ऑफिसला कळवणार आहेस. त्याबद्दल मी एक अक्षर विचारणार नाही. मी फक्त कपडे धुण्याबद्दल लिहिणार आहे.

मी फ्रंट लोड मशीन घेतलं. सोबत ड्रायरही. हसू नकोस. यंत्र आलं तरी धुणं बाईच्याच गळ्यात राहतं, असं सभांमधून गरजणारी तुझी आई स्वतःच्या पायांनी दुकानात गेली. तिथे मशीनवर पाटी, 'गृहिणीची मैत्रीण'. मग काय, मला व्यासपीठच मिळालं. पुरुषांना हात काय शोभेला दिलेत का, इथून सुरुवात केली. विक्रेता शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, पाटी कंपनीने लावलीय. घरी धुणं मीच करतो, आणि तरीही बायको म्हणते कॉलर नीट निघत नाही." मागच्या दोन बायका फिसकन हसल्या आणि माझी सभा बरखास्त झाली.

वरून कपडे टाकायचं मशीन स्वस्त होतं, पण त्याच्यावर ड्रायर बसत नाही. आणि आपल्या न्हाणीघराबाहेरचा बोळ तुला ठाऊक आहे, दोघं समोरासमोर आली की एकाला माघार घ्यावी लागते. म्हणून खाली मशीन, वर ड्रायर. ड्रायरमध्येही दोन जाती. एकाला दमट हवा बाहेर सोडायला नळी लागते, आणि नळी काढायला आपल्याकडे जागा एकच, तुझ्या खोलीची खिडकी. तिला भोक पाडायला माझं मन होईना. शाळेतून आलीस की दप्तरही न काढता तू तिथूनच समोरच्या भिंतीवरल्या मांजराला हाका मारायचीस. मी दुसरा घेतला, पाणी आपल्याच पोटातल्या टाकीत साठवणारा. टाकी दर वेळी ओतावी लागते. ओतते.

पहिल्या दिवशी बादलीच्या हिशेबाने पावडर घातली, तर काचेआड नुसता फेस, कपड्यांचा पत्ता नाही. आता हात आखडता घेते. धुणं झालं की दाराच्या रबरात साचलेलं पाणी पुसते आणि दार किलकिलं ठेवते, नाहीतर आत कुबट वास धरतो. ड्रायरची जाळीही दर वेळी साफ करायची. कपड्यांचे सुटलेले धागे तिथे मऊ थर होऊन बसतात. माझ्या जाळीत कायम करडा थर असतो. करडी शाल, करडा स्वेटर, दुसरं आहे काय.

सगळं नीट करूनही मशीन पिळताना धडधडायला लागलं, जागचं सरकायलाही लागलं. मेकॅनिकला बोलावलं. त्याने मशीनचे पाय तपासले, पातळी बघितली आणि मला विचारलं, "मावशी, घरात माणसं किती?" मी म्हटलं, एक. "मग नऊ किलोचं कुणी गळ्यात मारलं तुमच्या? एकटी चादर आत एका बाजूला गोळा होते, म्हणून हे असं आपटतं. मशीन ठणठणीत आहे. कपडेच कमी पडतात." मी गप्प राहिले. मी गप्प राहिले, हे नीट वाच. तेव्हापासून वरच्या मजल्यावरच्या काकूंचे पडदे, पलंगपोस मागून आणते. त्या म्हणतात, "जन्मभर बायकांना सांगितलंस, लोकांची धुणी धुऊ नका. आता माझ्या दाराशी येऊन मागतेस?" मी म्हणते, काकू, मुकाट्याने पडदे काढा.

त्या विक्रेत्याने मला फसवलं नव्हतं. तोही आधी माणसं किती हेच विचारत होता. एकटीला सहा किलोचं पुष्कळ होईल, म्हणाला. मी त्याला सांगितलं, चार. मी, तू, जावई आणि अजून माझ्या मांडीवर न बसलेलं ते चौथं माणूस. मागे तू म्हणाली होतीस, आई, तुझ्या घरात ऊन येत नाही, दुपटी वाळत नाहीत, बाळाला ओल बाधेल. खरं होतं ते. आईच्या डोळ्यांकडे बघून आपला निर्णय फिरवू नका, असं मी शेकडो मुलींना सांगितलं, त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. तो तुलाही लागू आहे. तुझं उत्तर 'नाही' असेल तर काकूंचे पडदे आहेतच. पण ठरवताना एवढं हिशेबात धर, की या घरात आता कपडे वाळतात. काल कपाटातून तुझी लहानपणीची पिवळी दुपटी काढून धुतली. जाळीत पहिल्यांदाच पिवळा थर आला. तो टाकायला हात धजावला नाही, ड्रायरवरच ठेवलाय.

तुझीच,
भाषण आवरलेली आई